सिस्टर आणि चार डॅम्पर

सिस्टर “थांबा” म्हणाल्या की ऑपरेशन थिएटरमध्ये घड्याळ सोडून सगळं थांबायचं. म्हणायच्या त्या इंग्रजीतच, पण त्यात आर्जव नसायचं आणि आवाजही चढलेला नसायचा. ज्यांच्यासमोर आम्ही ज्युनियर डॉक्टर खोकला आला तरी गिळून टाकत असू, ते हाडांचे मोठे सर्जन हातातलं हत्यार तसंच धरून उभे राहत. मी तेव्हा पुण्याहून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला नुकताच आलो होतो. माझ्यासारख्या भूल देणाऱ्या डॉक्टरानं रोग्याच्या उशाशी बसावं आणि फारसं बोलू नये, अशी माझी समजूत होती. ही ठेंगणी, सावळी बाई सर्जनला गप्प उभं करते आणि त्यालाही त्यात काही गैर वाटत नाही, हे बघून मला आधी भीती वाटली आणि मग एकदम घरच्यासारखं वाटलं. माझी थोरली आत्या अशीच होती.

एकदा गुडघ्याची जखम शिवायला घेतली आणि सिस्टर म्हणाल्या, “थांबा. एक स्वॅब कमी आहे.” सर्जन म्हणाले, पुन्हा मोजा. “मोजून झालंय. आता शोधू या,” सिस्टर म्हणाल्या. ती रक्तानं माखलेली कापडाची घडी जखमेच्या आतच एका कोपऱ्यात दडलेली निघाली आणि सगळ्यांनी श्वास सोडला. सिस्टरांचं काम मात्र संपलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्यांत नवख्या नर्सला विचारलं, तुझ्या कधी लक्षात आलं? ती पोरगी रडवेली होऊन म्हणाली की शंका आधीच आली होती, पण सिस्टरांना माहीत असेलच असं वाटलं. सिस्टर तिला रागावल्या नाहीत. त्यांनी तिला चहा पाजला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “डॉक्टर, दरेक चुकीच्या वेळी खोलीत एक तरी माणूस असतो, ज्याला वाटतं की समोरच्याला माहीत असेल. तो माणूस तुम्ही होऊ नका.” पुढे मीच कन्सल्टंट झालो, माझ्या हाताखाली माणसं आली, आणि हे वाक्य मी स्वतःचंच असल्यासारखं त्यांना ऐकवत राहिलो.

त्यांना सगळं गाव सिस्टरच म्हणे. हॉस्पिटलात ठीक आहे, पण महाराष्ट्र मंडळात, भाजीच्या दुकानात, आणि खुद्द त्यांच्या नवऱ्याच्या तोंडीही तेच. त्या नागपूरच्या. घरात दिवाणखान्याच्या खिडकीत बुद्धाची एक लहानशी मूर्ती आणि तिच्याशेजारी वडिलांचा फोटो. वडील रेल्वेत होते. मुलीला शिकवताना त्यांनी एकच अट घातली होती म्हणे: बोलताना मान वर पाहिजे. “माझ्या बापानं मला खाली मान घालायला शिकवलं नाही,” सिस्टर म्हणत, “ते या गोऱ्यांच्या देशात येऊन मी कुठून शिकणार?” त्या गेल्या, त्याला आता वर्ष होईल. मंडळाच्या गणपतीत एका मुलीनं माईक हातात घेऊन फारच लांबवलं, तेव्हा मागून कुणी “थांबा” म्हणेल म्हणून मी वळून पाहिलं. मागे खुर्च्याच होत्या.

त्यांची दुसरी सवय होती तळहाताची. थिएटरमध्ये जन्मभर त्यांनी हत्यारं दुसऱ्याच्या हातात दिली. सर्जन रोग्यावरची नजर न काढता हात मागे करतो आणि नर्सनं योग्य ते हत्यार त्या हातात द्यायचं, नुसतं ठेवायचं नाही, हलकेच थापायचं, म्हणजे हाताला ते न बघता कळतं. घरी आल्या की त्या याचं उट्टं काढत. ओट्याशी उभ्या राहिल्या की कढईवरची नजर न हलवता डावा हात मागे करायच्या. फोरमन तिथे असायचेच. मीठ हवंय, झारा हवाय की झाकण, हे न विचारता ते ती वस्तू त्यांच्या तळहातावर थाप देऊन ठेवत. मी कितीदा त्यांच्याकडे नागपुरी वडाभात खाल्ला असेन, पण फोरमनांची वस्तू चुकलेली मला आठवत नाही.

फोरमन म्हणजे सिस्टरांचे यजमान. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते कामगार म्हणून लागले आणि फोरमन होऊन थांबले. कारखाना बंद पडला तरी नाव टिकलं. उंच, शांत, बोलण्यापेक्षा हसणं सोपं वाटणारे गृहस्थ. कारखाना बंद झाला त्या वर्षी त्यांनी एक जुनी लाल टू-सीटर घेतली, कापडी छप्पराची, जमिनीला टेकलेली. इंजिन त्यांनी असं केलं की कान लावून ऐकत बसावं. रंग असा की सिस्टर त्यात बघून टिकली सारखी करत. फक्त डॅम्परना त्यांनी हात लावला नाही. डॅम्पर म्हणजे आपल्याकडे गॅरेजवाले ज्याला शॉकअप म्हणतात तेच, पण या गाडीचे जुन्या पद्धतीचे होते: प्रत्येक चाकापाशी ओतीव धातूचा एक जाडजूड डबा, आत तेल, आणि बाजूनं बाहेर आलेला एक लीव्हर. चाक वर उडालं की लीव्हर फिरतो आणि आतलं तेल बारीक वाटेनं सरकताना त्याला अडवून धरतं. लीव्हरचा दांडा डब्यातून जिथे बाहेर येतो तिथलं भोक झिजलं की तेल गळतं. फोरमन वरून तेल घालत, गाडी ते खालून सोडून देई. गाडीच्या कोपऱ्यावर हात दाबून सोडला तर ती पाळण्यासारखी झुलत राहायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी त्यांना चिडवायचो आणि ते हसायचे.

“स्प्रिंग धक्का घेते, डॉक्टर,” ते मला समजावत. “डॅम्पर तो धक्का संपवतो. स्प्रिंगला संपवता येत नाही. ती बिचारी नाचतच बसते.”

सिस्टर त्या गाडीत एकदाच बसल्या होत्या. आमच्या कॉव्हेंट्रीच्या रिंगरोडला परगावचे लोक घाबरतात. गावाभोवती तो वर्तुळात फिरतो आणि आत शिरणारे आणि बाहेर पडणारे एकाच पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर येतात. शिवाय त्याचा बराच भाग खांबांवर उचललेला, त्यामुळे सिमेंटच्या जोडावर चाक गेलं की खालून दणका बसतो. फोरमनांनी हौसेनं बायकोला तिथे फिरवलं. थिएटरमध्ये उभं राहून सिस्टरांची पाठ आधीच कामातून गेलेली. पुढच्याच बाहेरच्या वाटेला त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या आणि बसनं घरी आल्या. “या डब्यात मी परत बसले तर स्ट्रेचरवरून उतरवावं लागेल,” एवढं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. रिंगरोडवर तर त्या स्वतःची गाडीही कधी घालत नसत. गावातल्या गल्ल्यांतून वळसे घेत जायच्या आणि उशीर झाला तर ट्रॅफिकला बोल लावायच्या.

मग फोरमनांची पाठ दुखायला लागली. म्हणजे, दुखते हे आम्हाला तेव्हा कळलं. तपासण्या झाल्या आणि कळलं की कॅन्सर आहे, आणि तो मणक्यांत पोचलेला आहे. उपचारांनी थोडा वेळ मिळणार होता, बरं होणं नव्हतं. हॉस्पिटलची गाडी त्यांना ने-आण करायची. एकदा मी त्यांच्याबरोबर बसलो होतो. रिंगरोडचा प्रत्येक जोड त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. मी औषधं देणारा माणूस, वेदनेचा हिशेब हा माझा धंदा, आणि मी नुसता त्यांचा हात धरून बसलो होतो. उतरताना ते म्हणाले, “हिचे डॅम्पर माझ्या गाडीपेक्षा वाईट आहेत.” हसण्यासाठी म्हणाले, पण आम्ही दोघेही हसलो नाही.

थंडी सरत आली तेव्हा त्यांनी एक गोष्ट मागितली. बुद्धपौर्णिमेला विहारात जायचं, आणि लाल गाडीतून जायचं, शेजारी सिस्टर. मी म्हटलं, माझी मोठी गाडी घेऊ, गादीसारखी आहे. ते खिडकीतून गॅरेजकडे बघत राहिले. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की कंबरेला पट्टा बांधून बसायला हरकत नाही, पण दणके नकोत, मणका खचला तर पाय जातील. त्या गाडीत दणक्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच. मुलगी इथेच वाढलेली, आता कार्डिफला. ती फोनवर म्हणाली, “बाबा, प्लीज, तो कार खूप ओल्ड आहे, तुला हर्ट होईल.” फोरमनांनी हसून फोन ठेवला. सिस्टर ओट्याशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाल्या, “चारही डॅम्पर काढायचे. डॉक्टर, रविवारी जुने कपडे घालून ये.”

असे डॅम्पर दुरुस्त करून विकणारे लोक इथे आहेत. आपले जुने पाठवायचे, बदल्यात तयार मिळतात, टपालानं घरी येतात. मी शहाणपणा करून हे सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा ज्युनियर झालो. “मला माहीत नाही होय? अरे, डॅम्पर बदलून मिळतील. यांना दिवस ढकलायला काही कारण लागतं, ते टपालानं मिळेल का? नुसते छताकडे बघत पडून राहिले तर मी यांना पौर्णिमेपर्यंत पोचवू शकणार नाही.” एवढं बोलून त्या आत गेल्या आणि डॅम्परखाली अंथरायला जुनी वर्तमानपत्रं घेऊन आल्या.

गाडीखाली शिरून बोल्ट सोडवायचं काम माझ्याकडे आलं. गंजलेल्या बोल्टांपुढे वैद्यकीय शिक्षण काही कामाचं नाही हे मी तिथे शिकलो आणि शिव्यांचा माझा साठा किती तोकडा आहे हेही. फोरमन गॅरेजच्या दारात रग पांघरून बसले होते आणि मी कुठे चुकतोय ते मोठ्या प्रेमानं सांगत होते. डब्यांची झिजलेली भोकं तासून त्यात नवे बुश, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, बसवायचं काम फोरमनांच्या जुन्या कारखान्यातल्या एका सोबत्यानं आपल्या शेडमध्ये करून दिलं. राहिली ती सफाई आणि जोडणी. फोरमनांच्या बोटांतली शक्ती औषधांनी गेली होती, बटण लावायलाही त्यांना वेळ लागे. तेव्हा जोडणी सिस्टर करणार आणि फोरमन हत्यारं देणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे सिस्टरांनी सांगितलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सिस्टरांनी हिरवं कापड अंथरलं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी गमतीनं भेट दिलेलं, थिएटरमधलं असतं तसं. त्यावर एकेक भाग लागण्याच्या क्रमानं मांडला: दांडा, सील, पिस्टन, झडप, झाकण, स्क्रू. हातमोजे घातले. फोरमन शेजारी उंच पाठीच्या खुर्चीत, मांडीवर पान्यांचा ट्रे. सिस्टर नजर न उचलता हात बाजूला करत आणि फोरमन पाना त्यांच्या तळहातावर थापत. जन्मभर हत्यारं देणारी बाई आता ऑपरेशन करत होती आणि जन्मभर हत्यार चालवलेला माणूस ते तिच्या हातात देत होता. दोघांनाही ते इतकं सवयीचं होतं की त्यात काही उलटं झालंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. मी दारात चहा घेऊन उभा होतो. चहा निवला, पण मला आत जाववेना.

पहिला डॅम्पर जोडला, तेल भरलं, खाली वर्तमानपत्र घालून ठेवला. सकाळी चहाचा कप घेऊन मी डोकावलो तर कागदावर तेलाचा मोठा डाग. सिस्टर टेबलापाशी बसल्या होत्या, समोर उघडलेला डॅम्पर. दांड्याभोवतीच्या रबरी सीलची पातळ कड दुमडून फाटली होती.

“हे असं का झालं?” सिस्टरांनी फोरमनांना विचारलं.

“सील कोरडी बसली,” फोरमन हळूच म्हणाले. “दांड्याला तेल लावून बसवायची असते.”

“तुम्ही लावलं होतं नं?”

“मी लावलं होतं. तू पुसलंस.”

खरंच तसं झालं होतं. फोरमनांनी दांड्याला बोटानं तेल चोळून दिलं आणि सिस्टरांच्या थिएटरच्या हातांना ते खपलं नाही. घाण लागलेली वस्तू आत जाऊ द्यायची नाही, हे त्या हातांत इतकं मुरलेलं की त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं दांडा चकचकीत पुसला आणि मग सील चढवली. हॉस्पिटलात या सवयीनं किती जीव वाचले असतील. इथे त्याच सवयीनं सील फाडली.

“मी पुसताना तुम्ही बघत होते,” सिस्टर म्हणाल्या.

“हो.”

“मग बोलले का नाही?”

फोरमन ट्रेमधले पाने नीट लावत राहिले. “मला वाटलं, तुला माहीत असेल.”

ते वाक्य ऐकल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला. सिस्टरांनी फाटलेली सील कागदावर ठेवली. मग म्हणाल्या, “पाठ दुखायला लागली, तेव्हाही असंच नं?”

फोरमनांनी मान डोलावली. “तू घरात नर्स. मला वाटलं, काही असतं तर तुझ्या लक्षात आलं असतं.”

“आलं होतं,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही जिना चढताना भिंत धरायला लागले, ते मी बघून राहिले होते. मला वाटलं, दुखत असेल तर हे सांगतील. थिएटरभर लोकांना शिकवत फिरले मी, आणि घरी दोघंही गप्प.” त्यांचा आवाज स्थिर होता. हातमोजे काढून त्यांनी टेबलावर ठेवले, आणि फोरमनांनी ते उचलून एकावर एक नीट ठेवले. इतक्या वर्षांत त्या दोघांना एकमेकांसमोर असं उघडं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी निघायला हवं होतं, पण दार वाजलं असतं म्हणून तसाच उभा राहिलो.

मग सिस्टरांनी नवी सील काढली. “आजपासून नियम,” त्या म्हणाल्या. “माझं चुकतंय असं वाटलं की थांब म्हणायचं. शंका असली तरी म्हणायचं. चुकीचं थांबवलं तरी मी रागावणार नाही.”

“तुला थांब म्हणायचं?” फोरमन म्हणाले. “लग्न झाल्यापासून म्हटलं नाही.”

“म्हणून तर ही वेळ आली.”

पहिल्यांदा त्यांना ते जड गेलं. ‘थांब’ म्हणताना त्यांचा आवाज पाहुण्याच्या घरी पाणी मागितल्यासारखा यायचा. मग हळूहळू जमू लागलं. आणि एकदा जमल्यावर फोरमन सुटलेच. “थांब, वॉशर राहिला.” “थांब, हा स्क्रू फार आवळतेस.” “थांब, चहा हवाय.” सिस्टर दर वेळी हात हवेत धरून खरोखर थांबत, चहासाठीसुद्धा, आणि मान खाली घालून हसत. त्या घरात इतकं हसू मी आधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकू येत होतं त्या दोघांच्या शेवटच्या वसंतात, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

तेल भरल्यावर आतली हवा काढायला लीव्हर हातानं सावकाश खालीवर करत राहावं लागतं. हवा असली की मध्येच एके जागी हाताला पोकळ लागतं, अडवणारं कुणी नसल्यासारखं. हे सिस्टरांना कळेना. फोरमनांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. त्यांच्या बोटांना मुंग्या येत, कप हातातून सुटायचा, पण डोळे मिटून ते सांगत, “अजून आहे. आता ऐक. इथे.” सिस्टर मला नंतर म्हणाल्या की लग्नात हात धरला होता त्यानंतर इतका वेळ त्यांनी एकमेकांचा हात धरलाच नव्हता. दोघांच्या कामाच्या पाळ्या, मुलीचं शाळा-कॉलेज, मग आणखी पाळ्या. सवड कुठे होती.

चारही डॅम्पर बसले. सिस्टरांनी गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकले, अंगाचा भार देऊन दाबलं आणि सोडलं. गाडी एकदा वर आली आणि स्थिर झाली. “थांबली,” सिस्टर म्हणाल्या. फोरमनांनी त्यांना चारही कोपऱ्यांवर तसं करायला लावलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

पौर्णिमेच्या दिवशी ऊन होतं. फोरमन पांढऱ्या सदऱ्यात, वरून कंबरेचा पट्टा. सिस्टर पांढऱ्या साडीत आणि स्टिअरिंगवर त्याच. छप्पर उघडं टाकलेलं. मी मागून माझ्या गाडीत व्हीलचेअर आणि औषधं घेऊन येणार होतो. गल्ल्यांत खड्डे फार, म्हणून सिस्टरांनी जाहीर केलं की रिंगरोडनं जायचं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो तर म्हणाल्या, “काय बघून राहिला? चल.” चढ चढून आम्ही वर गेलो. पहिला जोड आला. माझ्या गाडीच्या तळातून दणका आला, व्हीलचेअर मागे आदळली. पुढे लाल गाडी किंचित दबली आणि तिथेच स्थिरावली. दुसऱ्या जोडाला तसंच. फोरमनांचं डोकं मला दिसत होतं, ते हलत नव्हतं.

आमची बाहेर पडायची वाट आली आणि सिस्टर सरळ पुढे गेल्या. त्या रस्त्यावर वाट सगळ्यांचीच चुकते, मीही चुकलोय. पुन्हा फेरी होऊन तीच वाट आली, तीही त्यांनी सोडली. मी माझी गाडी जवळ घेतली. त्या घाबरल्या आहेत आणि त्यांना रस्त्यावरचा पट्टा बदलता येत नाहीये, असं वाटलं. मी हॉर्न वाजवणार, तेवढ्यात त्यांचा हात वर आला, तळहात माझ्याकडे. थांब. मग मला दिसलं. फोरमनांचं डोकं त्यांच्या खांद्यावर कललं होतं. ते झोपले होते. दुखणं लागल्यापासून त्यांना गोळ्यांशिवाय डोळा लागला नव्हता, हे मलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं, गोळ्या ठरवायला मीच मदत करत होतो. ज्या रस्त्यावर सिस्टर जन्मात गाडी घालत नव्हत्या त्याच रस्त्यावर त्या गावाला प्रदक्षिणा घालत राहिल्या, आणि मी त्यांच्या मागे, अंगावर येणाऱ्या गाड्यांना हातानं दूर राहा म्हणत. फेऱ्या किती झाल्या ते मी मोजलं नाही. मी रडत होतो आणि रस्ता नीट दिसत नव्हता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

विहारात पोचलो तेव्हा वंदना आटोपली होती आणि लोकांनी आमच्यासाठी खीर ठेवली होती. फोरमनांना खुर्चीत बसवताना त्यांनी डोळे उघडून विचारलं, “पोचलो का? मला कळलंच नाही.” सिस्टर त्यांच्या सदऱ्याची गुंडी लावत म्हणाल्या, “कळायला नकोच होतं.” त्या दिवशी फोरमनांनी खीर दोनदा मागून घेतली.

उन्हाळा संपताना ते अंथरुणाला खिळले. एका संध्याकाळी श्वास लागला, मी तिथेच होतो. सिस्टरांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावायला घेतला. हॉस्पिटल म्हणजे पुन्हा तो रस्ता, पुन्हा नळ्या, आणि मिळून मिळून चार-दोन दिवस, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, पण हात थांबत नव्हता. तेव्हा फोरमनांनी पलंगावरून हात उचलला. “थांब,” ते म्हणाले. आवाज क्षीण होता, पण त्यात आर्जव नव्हतं. सिस्टरांचा हात हवेत राहिला. नियम त्यांनीच केला होता. त्यांनी फोन खाली ठेवला, उशाशी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. दोन दिवसांनी ते घरीच गेले, आपल्या खोलीत, बायकोचा हात हातात असताना. सिस्टर रडल्या नाहीत. अंत्यसंस्काराच्या वेळी लोकांना खुर्च्या कमी पडल्या, तर त्या स्वतः आणायला गेल्या.

पुढे महिना झाला असेल. मी त्यांच्याकडे गेलो तर त्या वडाभाताची फोडणी करत होत्या, मला आवडतो म्हणून. बोलता बोलता त्यांनी कढईवरची नजर न हलवता डावा हात मागे केला. मी फ्रीजपाशी उभा होतो. तो हात तसाच राहिला, उघडा, वाट बघत. मला काय द्यायचं ते कळेना. हाताशी मिठाचा डबा होता, तो मी त्यांच्या तळहातावर ठेवला, थाप द्यायचं राहून गेलं. त्यांनी झाकण काढलं आणि चमचा भरला. मीठ त्यांनी मघाशीच घातलं होतं, मी पाहिलं होतं. त्यांना माहीत असेल, असं माझ्या मनात आलं, अगदी त्याच शब्दांत.

“थांबा, सिस्टर,” मी म्हणालो. “मीठ घातलंय.”

चमचा कढईवर तसाच राहिला. मग तो कलला, आणि मीठ ओट्यावर सांडू लागलं. मी त्यांच्या हातातून डबा घेतला, गॅस बंद केला. सिस्टर टेबलापाशी बसल्या, जिथे हिरवं कापड अंथरलं होतं तिथेच, आणि तोंडाला पदर लावून रडल्या, खांदे हलेपर्यंत. मी शेजारी बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. “बरं झालं बोललास,” त्या म्हणाल्या, आणि भात वाढायला उठल्या.